टर्बो लावलेल्या सिटी व्हीटेकची ब्रीदर व्यवस्था: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जुन्या होंडा सिटी व्हीटेकला टर्बो लावायचा म्हटलं की चर्चा होते ती टर्बोच्या साइझची, इंटरकूलरची आणि ट्यूनिंगची. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या आत साचणारा वायू बाहेर काढणाऱ्या, नळ्या कशाही जोडल्या जातात. माझ्या अनुभवात इंजिन कोरडं राहणार की जागोजागी ऑइल गाळणार, हे या नळ्याच ठरवतात.

मूळ १०६ अश्वशक्तीच्या या इंजिनात पिस्टनच्या रिंगांवरून खाली निसटणारा वायू, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, ब्लॉकमागच्या ब्रीदर बॉक्समधून पीसीव्ही व्हॉल्व्हमार्गे (हा वायू मोजून आत सोडणारा व्हॉल्व्ह) इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांत, खेचला जातो, आणि त्याच्या जागी टॅपेट कव्हरच्या नळीतून ताजी हवा येते. रचना उत्तम आहे, पण ती मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असेल हे धरून केलेली. टर्बोने हवा दाबून मॅनिफोल्डमध्ये अर्धा बार प्रेशर दिलं की हाच रस्ता उलटा वाहू शकतो. पीसीव्हीने ते प्रेशर पूर्ण अडवलं नाही तर ते थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइलच्या पोकळीत, शिरतं, आणि तेव्हाच रिंगांवरून येणारा वायूही वाढलेला असतो. मग डिपस्टिक वर उचलली जाते, टॅपेट कव्हरचं गॅस्केट पाझरतं, डिस्ट्रिब्युटरच्या सीलशी ऑइल दिसू लागतं.

माझी जोडणी अशी आहे. ब्रीदर बॉक्समधून पहिला कॅच कॅन (वायूतलं ऑइल अडवून साठवणारा डबा), त्यापुढे मूळ पीसीव्ही, त्यापुढे ब्रेक बूस्टरच्या नळीत असतो तसा एकतर्फी व्हॉल्व्ह, मग मॅनिफोल्ड. टॅपेट कव्हरमधून १९ मिलिमीटरची नळी दुसऱ्या कॅनमध्ये आणि तिथून एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपात. सावकाश चालवताना इंजिन पहिल्या वाटेने वायू ओढून घेतं. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो प्रेशर देत असताना, ती वाट बंद होते आणि सगळं दुसऱ्या वाटेने टर्बोच्या तोंडाशी जातं, तिथे थोडी ओढ असतेच. एकतर्फी व्हॉल्व्ह लावला म्हणून पीसीव्ही काढू नये. किती हवा जाऊ द्यायची हे पीसीव्हीच ठरवतो. तो नसेल तर आयडलिंग बिघडतं.

खंबाटकी चढताना पूर्वी वरच्या गिअरमध्ये जोर दिला की हलकं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याची खडखड, ऐकू यायचं. ट्यूनिंगचा मॅप तोच, पेट्रोल तेच ठेवून ते आता थांबलं आहे. इनटेकमध्ये गेलेली ऑइलची वाफ पेट्रोलची नॉकिंग सोसण्याची ताकद कमी करते, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. इंटरकूलरच्या पाइपांत जमणारा ऑइलचा थर जवळपास गेला. आयडलवर ऑइल कॅप काढून त्या जागी कागद धरला की तो चिकटून बसतो. क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम असल्याची ही सोपी खूण दर सर्व्हिसला बघतो.

पावसाळ्यात मात्र कॅनकडे बारकाईने बघावं लागलं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, वाफेचं पाणी होतं आणि कॅनमध्ये ताकासारखं पांढुरकं मिश्रण जमतं. उन्हाळ्यात ऑइल चेंजपर्यंत हात लावावा लागत नव्हता, जुलैत दर आठवड्याला नळ सोडावा लागला. निघालेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी आणि पेट्रोल दोन्ही असतं.

कॅन विकत घेताना आत काय आहे ते उघडून बघा. बाजारात मिळणारे बरेच चकचकीत कॅन आतून नुसते पोकळ डबे असतात, एका तोंडातून आलेली वाफ दुसऱ्यातून तशीच निघून जाते. आत आडवे पत्रे आणि स्टीलची घट्ट बसवलेली जाळी हवी. भांडी घासायची तारेची घासणी कोंबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तिचे तुकडे सुटून टर्बोत जाऊ शकतात. मला त्याची धास्ती वाटते. नळीही ऑइल सहन करणारी, नायट्राइल रबरची घ्या. रेडिएटरची नळी ऑइलने फुगते आणि मऊ पडते. मध्ये कुठेही खोलगट झोल ठेवू नका, पाणी तिथेच साचतं. आणि कॅन टर्बोपासून दूर ठेवा, कारण वाफ थंड झाली तरच ऑइल खाली बसतं.

टॅपेट कव्हरवर छोटा फिल्टर लावून वायू मोकळा सोडणं स्वस्त पडतं, म्हणून बरेच जण तेच करतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. केबिनमध्ये वास येतो, बॉनेटखाली चिकट थर बसतो आणि सावकाश चालवताना मिळणारा व्हॅक्यूम हातचा जातो. पीयूसी सायलेन्सरवर घेतात म्हणून हे पकडलं जात नाही इतकंच. क्रँककेसचा वायू हवेत सुटता कामा नये हे आपल्या भारत स्टेज नियमांतही आहे. पीसीव्ही कॅलिफोर्नियात १९६१च्या गाड्यांवर धुरक्यामुळे आला हे खरं, पण तो ओलावा आणि पेट्रोलची वाफ बाहेर ओढतो, म्हणून ऑइलही जास्त काळ चांगलं राहतं.

टर्बो नसलेल्या सिटीला यातलं काहीच लागत नाही, नवा पीसीव्ही आणि ताज्या नळ्या टाका, बस. आणि रिंगा घासल्या असतील तर आधी लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघण्याची चाचणी) करून घ्या. तशा इंजिनाला कॅन लावला तर तो फक्त लवकर भरेल.