हायसिंथ: काचेच्या भांड्यात, गच्चीतल्या कुंडीत की अंगणात?

दिवाळीच्या आधी सांगलीहून, विश्रामबागेतून, मावसबहिणीचा फोन आला. "ताई, हायसिंथचे सहा कांदे मागवलेत. घरात लावू की गच्चीवर?" मी विचारलं, "तुझ्या फ्रीजमध्ये जागा किती आहे?" तिला वाटलं, मी विषयच बदलला.

विषय तोच होता. हायसिंथ म्हणजे कणसासारखी, सुवासिक फुलं येणारं फुलझाड, आणि ते ज्या कंदातून उगवतं तो त्याचा 'कांदा'. हायसिंथचा कांदा आपल्या हातात येतो तेव्हा त्याच्या पोटात फूल आधीच तयार असतं. मधोमध उभा चिरलात तर इवलंसं कणीस दिसेल. ते घडतं उन्हाळ्यात, कांदा जमिनीतून काढून उबदार जागी ठेवलेला असताना. पण त्या कणसाचा दांडा लांब होऊन वर यायचा तर चार ते नऊ अंश सेल्सियसची थंडी दहा-बारा आठवडे सलग लागते. आमच्या साताऱ्यात डिसेंबरच्या पहाटे शाल लागते, पण दुपारी पंखा लावावा लागतो, आणि सांगली तर आणखी खाली, आणखी गरम. महाबळेश्वरात वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दवाचं बर्फ होतं आणि त्याचे फोटो छापून येतात, पण तीन महिने सलग गारठा तिथंही नसतो. म्हणजे कांदा शेवटी कुठंही लावा, त्याचा हिवाळा फ्रीजमध्येच जाणार.

मी पहिल्या वर्षी हे मानलं नव्हतं. शाहूपुरीतल्या अंगणात, मोगऱ्याशेजारी, पाच कांदे थेट मातीत लावले. पानं जोमात आली आणि फुलं त्या पानांच्या बुडातच उमलली, कोबीच्या गड्ड्यात कुणी रंगीत कागद खुपसावा तशी. वास घ्यायला गुडघे टेकावे लागत. तेव्हा विकणाऱ्यालाच दोष दिला. कांदे बिचारे चांगले होते.

फ्रीजचं गणित उलट्या बाजूनं मांडा. फेब्रुवारी तापायच्या आत फुलं हवीत, म्हणजे कांदे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत बाहेर यायला हवेत, म्हणजे ऑक्टोबरातच आत जायला हवेत. भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत, खालच्या कप्प्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. सफरचंद, केळी, चिकू, टोमॅटो शेजारी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं आतली कळी मरते आणि ते कळतं तीन महिन्यांनी. पिशवीवर ठळक अक्षरांत 'खायचे नाहीत' असंही लिहा. आमच्याकडे सासूबाईंनी एक कांदा विळीपर्यंत नेला होता. पोटात गेला तर उलट्या-जुलाब होतात, कुत्र्यामांजरांनाही बाधतो. त्याची सालं हाताळतानासुद्धा अळूसारखी खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. मागवताना 'आधीच थंड केलेले' मिळाले तर फ्रीजमधले काही आठवडे वाचतात, पण विक्रेत्याला स्पष्ट विचारून घ्या.

आता तिन्ही जागा.

काचेच्या भांड्याला माती लागत नाही, कुंडी लागत नाही. मान निमुळती आणि वर वाटीसारखं पसरट तोंड असलेलं भांडं हवं, म्हणजे कांदा वर टेकतो आणि मुळं खाली उतरतात. तसं भांडं नसेल तर खोलगट वाडग्यात गोटे भरून त्यांवर कांदा बसवा. पाणी कांद्याच्या बुडाला टेकू द्यायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवायचं. सगळी मेख इथं आहे. बूड भिजलं की आठवड्यात सडका वास येतो. मुळं बोटभर लांब आणि कोंब दोन-तीन पेरं वर येईपर्यंत भांडं अंधाऱ्या, गार जागी ठेवा. मग खिडकीशी आणा, पण ऊन थेट अंगावर नको. पाणी आठवड्याला बदला. तीन-चार आठवड्यांत फूल येतं. ज्यांना मुळांची पांढरी दाढी वाढताना बघायची आहे, घरात शाळकरी मूल आहे, त्यांनी हेच करावं. तोटा एक: पाण्यावर फुलवलेला कांदा पार रिकामा होतो, पुढच्या वर्षी त्याच्याकडून काही मिळत नाही. दुसरा तोटा म्हणावा की नाही कोण जाणे, पण वास फार दाट असतो. दहा बाय दहाच्या खोलीत तीन फुलं ठेवली तर कुणाचं तरी डोकं दुखणारच.

कुंडीला थोडी जास्त मेहनत आहे आणि थोडी जास्त माफीही आहे. पाण्याची पातळी चुकली म्हणून सगळं जात नाही. सहा इंची कुंडीत तीन कांदे, एकमेकांना न चिकटता, माना मातीबाहेर डोकावतील इतपत वर. सांगलीकरांनी नुसती काळी माती वापरू नये, ती पाणी धरून बसते. लाल माती, जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या प्रमाणात घेतलं तर निचरा होतो. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी पूर्वेची बाल्कनी उत्तम. फूल उमललं की घरात घ्या, दिवस वाढतात. माझ्याकडे आतल्या खोलीत आठ-दहा दिवस टिकलं, तेच गच्चीवरच्या दुपारच्या उन्हात चौथ्या दिवशी माना टाकून बसलं. फुलाच्या वजनानं दांडा कलतो, एक काडी टेकवून ठेवा.

अंगणाबद्दल थोडक्यात सांगते: नको. थंड देशांत कांदा पंधरा सेंटीमीटर खोल गाडतात आणि तो वर्षानुवर्षं तिथंच राहतो, हे खरं आहे. पण तो मूळचा तुर्कस्तान-सीरिया-लेबनॉनकडचा. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, कांदा तेव्हा निवांत झोपतो. आपल्याकडे त्याच्या झोपेच्या वेळी, जूनपासून, मृगाचा पाऊस सुरू होतो आणि कांदा जमिनीत कुजतो. आमच्याच मातीतली दीपकाडी ही रानवनस्पती बघा, हायसिंथसारखीच शतावरीच्या कुळातली. पहिल्या पावसात कासच्या पठारावर पांढरी फुलं घेऊन उभी राहते आणि थंडीत मातीखाली गायब होते. तिचं पंचांग आपल्या पावसाशी जुळलेलं आहे, हायसिंथचं नाही. (ती उकरून आणू नका, कुंडीत मारण्यासाठी तर नकोच.) जाता जाता, कृष्णेत वाढणाऱ्या जलपर्णीलाही वॉटर हायसिंथ म्हणतात, पण ती दक्षिण अमेरिकेतून आलेली पाणवनस्पती, या कांद्याशी तिचं नातं नावापुरतं.

फुलं संपल्यावर कुंडीतला कांदा जपून ठेवावा का, असं विचाराल. मी एकदा ठेवला. पानं पिवळी पडेपर्यंत खत-पाणी दिलं, वाळवला, ऑक्टोबरात पुन्हा फ्रीजमध्ये टाकला. दुसऱ्या वर्षी नुसती पानं आली. आता मी फुलदाणीतल्या फुलांसारखंच त्याला धरते. झालं की खताच्या खड्ड्यात.

आणि हे सगळं नको वाटत असेल तर निशिगंध आहे. तोही परक्या मुलखातला, मेक्सिकोचा, पण उकाड्याला सरावलेला. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर लावा, पावसात पाणी साचू देऊ नका, तीन-चार महिन्यांत छड्या येतात आणि तेच कांदे दोन-तीन वर्षं चालतात. फ्रीज लागत नाही. हायसिंथचा निळा रंग मात्र त्याच्याकडे नाही. तो निळाच हवा असेल तर 'डेल्फ्ट ब्लू' ही जात मागवा, आणि मोठे कांदे घ्या, सतरा-अठरा सेंटीमीटर घेराचे. छोट्या कांद्याला कणसात फुलं कमी येतात.

बहिणीनं दोन काचेत आणि चार कुंडीत लावायचं ठरवलंय. फ्रीजमधून चिकू बाहेर काढून ठेवलेत, त्यावरून मेहुण्यांची कुरकुर चालू आहे.