व्हरमाँटचे शुगरहाउस: मार्चमधील गजबज आणि ऑक्टोबरमधील रिकामे कपाट

मार्चमधील ठरलेल्या शनिवार-रविवारी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील मेपल उत्पादक आपली शुगरहाउसे, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करण्याची घरे, सर्वांसाठी खुली ठेवतात. गेल्या वर्षी ते निमित्त साधून आम्ही बॉस्टनहून तीन तासांची वाट करून एका कुटुंबाच्या छोट्या शुगरहाउसला गेलो, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा गेलो. हे परीक्षण दोन्ही भेटींवर आधारलेले आहे, आणि पहिल्या भेटीत दिलेले गुण दुसऱ्या भेटीत काहीसे कमी करावे लागले, हे आधीच सांगतो.

कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ ज्याने पाहिले आहे, त्याला येथे परके वाटणार नाही. छपराच्या फटीतून निघणारा वाफेचा लोट, लाकडावर पेटलेले चुलवाण, त्यावर स्टीलची पसरट काहील आणि वर येणारा फेस सांभाळणारा, गुळव्यासारखाच कमी बोलणारा मालक. फरक आहे तो रसात. मेपलच्या रसात साखर जेमतेम दोन टक्के असल्याने एक लिटर पाकासाठी सुमारे 40 लिटर रस आटवावा लागतो, आणि तो रसही रात्री गोठवणारी थंडी व दिवसा बर्फ वितळवणारी ऊब असेल, तेवढ्याच काही आठवड्यांत वाहतो. पाकाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे चार अंश सेल्सिअसने वर गेले की मालक घनता मोजणारी काचेची नळी त्यात तरंगवून पाहतो. व्हरमाँटच्या नियमानुसार पाकात किमान 66.9 टक्के साखर असावी लागते. हे सारे तो काम न थांबवता, विचारले तेवढेच सांगत होता. विक्रीची याहून चांगली रीत मला तरी ठाऊक नाही, कारण तासभर ती वाफ अंगावर घेतल्यानंतर बाटलीच्या किमतीवर घासाघीस करण्याची इच्छा उरत नाही.

मालकीणबाईंनी चारही प्रतींचा पाक इवल्याशा पेल्यांतून चाखायला दिला: सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद. हंगामाच्या आरंभी पाक फिकट व नाजूक चवीचा निघतो आणि पुढे गडद होत जातो. 2015च्या सुमारास नवी वर्गवारी येण्यापूर्वी गडद पाकावर ‘बी’ असे अक्षर असे व तो दुय्यम समजला जाई, पण तो भेद चवीचा आहे, दर्जाचा नव्हे. काकवीवर वाढलेल्या माणसाने थेट गडद पाकाकडे वळावे; सोनेरी पाक भाकरीपुढे अगदीच अबोल ठरतो. ताज्या बर्फावर ओतलेला गरम पाक क्षणात चिवट होतो, आणि त्याच्यासोबत येथे डोनट व खारवलेली आंबट काकडी देतात. काकडीचे कारण दुसऱ्या घासाला समजते.

दरांची मांडणी मात्र विचार करण्याजोगी आहे. अर्धा पाइंट, म्हणजे सुमारे 237 मिलिलिटरची बाटली 9 डॉलरला आणि पूर्ण गॅलन 58 डॉलरला होता. एका गॅलनमध्ये अशा सोळा बाटल्या भरतात, म्हणजे त्याच हिशेबाने 144 डॉलर होतात. ओळखीच्या लोकांनी वर्षाचा गॅलन न्यावा आणि आमच्यासारख्या पाहुण्यांनी बाटल्या, असा हा सरळ व्यवहार आहे, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. उरलेला पाक पिंपांत भरून पॅकिंग करणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो, आणि तेथे दारातल्या दराच्या साधारण निम्मेच पैसे हाती येतात.

म्हणूनच ऑक्टोबरची भेट खटकली. पानांचे रंग पाहायला व्हरमाँटमध्ये पर्यटकांची रीघ लागते ती याच महिन्यात. रस्त्याकडेला या कुटुंबाचे बिनमाणसाचे लाकडी कपाट आहे, बाटली घ्यावी व पैसे पेटीत टाकावेत असे. त्यात त्या दिवशी दोन रिकामे खोके आणि ओला झालेला दरफलक एवढेच होते. घरी विचारले तेव्हा कळले की बहुतेक पाक जूनमध्येच पिंपांतून गेला. हंगाम संपताच हाती रोख रक्कम लागते, ही अडचण मला समजते. तरीही पाचसहा पिंपे मागे ठेवून शरद ऋतूत छोट्या बाटल्या भरल्या असत्या, तर त्याच पाकाचे किमान दुप्पट पैसे झाले असते. मुख्य रस्त्यावरची पाटी वहीच्या पानाएवढी आहे, तीही मोठी करावी. मार्चमध्ये आतला कच्चा रस्ता चिखलाने भरतो, ही सूचनाही कोठेच नव्हती. आमची गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली, अर्थात तीही मालकानेच आणि विनामूल्य.

मालाबद्दल तक्रार नाही. दुकानातल्या स्वस्त ‘पॅनकेक सिरप’मध्ये बहुधा मक्याच्या साखरेचा पाक आणि कृत्रिम स्वाद असतो, त्याच्याशी याची तुलनाच नको. एवढे मात्र करावे: पाक वर्षभर ठेवायचा असल्यास प्लास्टिकच्या कॅनऐवजी काचेची बाटली मागावी, कारण प्लास्टिकमध्ये रंग हळूहळू गडद होत जातो, आणि उघडल्यावर ती फ्रिजमध्येच ठेवावी. आमच्या गडद पाकाच्या दोन बाटल्या घावनांवर डिसेंबरपर्यंत पुरल्या. यंदा मार्चमध्ये गॅलनच आणणार आहोत, रबरी बूट घालून.