डॅनिश साईडबोर्ड: सागवानी घ्यावा की रोझवूडचा?

कोपनहेगनमध्ये जुन्या डॅनिश फर्निचरच्या दुकानात शिरलात, की बहुधा दोन साईडबोर्डांपाशीच (भिंतीलगतच्या लांबट, बुटक्या कपाटांपाशी) अडाल. एक मधाच्या रंगाचा सागवानी, दुसरा काळ्या रेघांचा रोझवूडचा. दोन्ही 1950-60 च्या दशकांतले, घडण जवळपास सारखी, पण रोझवूडची किंमत बरीच वर. डॅनिश डिझायनर आर्ने वॉडर यांनी सिबास्ट या फर्निचर कंपनीसाठी केलेलं 29 नंबरचं मॉडेल दोन्ही लाकडांत सापडतं. त्याची सरकती दारं उलटी बसवली की रंगीत बाजू पुढे येते. मला तर लाकडापेक्षा त्या रंगांचंच अप्रूप.

सागवानी म्हटलं की आपल्याला आजोबांचं भरीव कपाट आठवतं. इथे तसं नाही. पाय आणि कडा भरीव असतात, बाकी बहुतेक अंगावर मिलिमीटरभर किंवा त्याहूनही पातळ व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा. रोझवूडचंही तेच. त्यामुळे घेतल्यावर घासून नवा करू, हा बेत सोडा. घासणारा हात जरा जड पडला की खालचं लाकूड दिसायला लागतं.

रोजच्या वापरात सागाशी जमवून घेणं सोपं. त्यावर बहुतेक वेळा नुसतं तेलच असतं, म्हणून पेल्याचा पांढरा डाग तेल लावून हलक्या हाताने चोळला तर बराचसा निघतो. रोझवूडवर पुष्कळदा लॅकर (वॉर्निशसारखा कडक थर) असतं. ते एका जागी उडालं तर तेवढ्याच जागी लावलेलं ठिगळ लपत नाही, अख्खा वरचा भाग करून घ्यावा लागतो. शिवाय उन्हात रोझवूड फिकटतं. वर वर्षानुवर्षं दिवा ठेवलेला असेल, तर त्याखालचं गडद वर्तुळ तेवढं मूळ रंगाचं उरतं. दुकानात वरच्या वस्तू उचलून बघा.

कागदपत्रांत मात्र रोझवूड सरळसरळ हरतं. त्या काळातलं पुष्कळ रोझवूड ब्राझीलचं, आणि ते 1992 पासून साइट्स (CITES) या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. युरोपीय संघात ते विकायला प्रमाणपत्र लागतं आणि पुण्याला न्यायचं तर परवाना. विकणारा 'जुनं आहे, चालतं' म्हणाला तरी कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. सागाला साइट्सची ही भानगड नाही.

म्हणून पुढेमागे भारतात परतायचं डोक्यात असेल, तर डोळे झाकून सागवानी घ्या. डेन्मार्कातच राहणार असाल, खोलीत थेट ऊन येत नसेल आणि कागद चोख असतील, तर रोझवूडला माझी ना नाही. ती रेघ सागात मिळायची नाही.

काहीही घेतलंत तरी खण पूर्ण बाहेर काढून कोपऱ्यांचे डव्हटेल (एकमेकांत अडकणाऱ्या दातांचे) सांधे आणि मागची फळी तपासा. पट्ट्यांचं गुंडाळणारं दार असेल तर दोन-चारदा उघडझाप करा, कारण त्या पट्ट्या मागच्या कापडावर चिकटवलेल्या असतात आणि कापड फाटलं की दार खाचेत अडकतं. पाय निघतात का तेही विचारा. लांबी दोन मीटरच्या वर जाते, आणि तिथल्या जुन्या इमारतींना लिफ्ट असेलच असं नाही.