लाकडी हातोडा: बाभूळ घ्यावी की सागवान?
पटाशीवर मारायला लाकडी हातोडा घरीच करायचा तर सोलापुरात दोन लाकडं सहज मिळतात, वखारीतला सागवानचा तुकडा नाहीतर गावाकडची बाभूळ. माझं मत सरळ बाभळीच्या बाजूने आहे. बैलगाडीची चाकं, कुळवाचे दांडे उगाच नाही बाभळीचे करत, तंतू गुंतलेले असतात त्यामुळे मार खाऊनही लवकर चिरत नाही. ६ बाय ४ बाय ३ इंचाचं डोकं काढलं तर बाभळीचं साधारण ९५० ग्रॅम भरतं, सागवानचं पावणेआठशेच्या आसपास, आणि तो फरक खोल खाच पाडताना हाताला लगेच कळतो.

पण बाभूळ वाळली की करवत रडते, म्हणून दांड्याचं भोक थोडी ओली असतानाच पाडा. मग दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावून सावलीत ठेवा, आपल्याकडचं मे महिन्यातलं ४० च्या वरचं ऊन लागलं तर तडा गेलाच म्हणून समजा. दांडा मात्र पूर्ण वाळलेलाच घ्या. भोक वरच्या बाजूला जरा रुंद ठेवा आणि दांडा वरून घाला, म्हणजे प्रत्येक फटक्याला डोकं आणखी घट्ट बसतं, पाचर लागतच नाही.

सागवान कापायला सोपं, आकार धरून राहतं, फक्त त्यातल्या सिलिकामुळे रंध्याची धार लवकर जाते. बारीक कोरीव काम करणाऱ्याला हलका हातोडा लागतो, त्याने सागवान बिनधास्त घ्यावं.