हंबकर स्प्लिट करताना कोणती कॉइल ठेवायची?

हंबकर म्हणजे गिटारचं दोन कॉइलचं पिकअप (तारेची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), आणि स्प्लिट करणं म्हणजे त्यातली एक कॉइल बंद करणं. पुश-पुल पॉट (ओढून स्विचसारखा वापरता येणारा नॉब) हातात आला की बहुतेक जण वायरिंगची आकृती उघडतात, दोन कॉइलमधली जोडवायर ग्राउंडला डकवतात आणि मोकळे होतात. चालू कोणती राहिली, बंद कोणती पडली, हे बघायचं राहूनच जातं. मीही पहिल्या गिटारवर तेच केलं. दोन्ही पिकअप एकाच पद्धतीने ग्राउंड केले. एकेकटे छान वाजले, पण स्विच मधे घेतला, म्हणजे दोन्ही एकत्र वाजवले, की ॲम्पमधून हम (सततची घरघर) सुरू. ‘सिंगल कॉइल म्हटलं की एवढं चालायचंच’ अशी समजूत घालून वर्षभर वाजवलं. वास्तविक एका पिकअपची एक वायर हलवली असती तर काम झालं होतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. हंबकरच्या दोन्ही कॉइल हमच्या दृष्टीने उलट्या जोडलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकीय ध्रुवही उलटे असतात. त्यामुळे बाहेरून शिरणारा हम एकमेकांत वजा होतो आणि तारेचा सूर मात्र बेरजेत येतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी ही रचना केली, पेटंटचा अर्ज १९५५ चा, आणि १९५७ पासून ही पिकअप गिटारवर दिसू लागली. एका कॉइलमध्ये फिरवता येणारे स्क्रू, दुसरीत गुळगुळीत, न फिरणारे खांब, म्हणजे स्लग. गिब्सन पद्धतीच्या मांडणीत स्क्रू नेहमी बाहेरच्या अंगाला असतात: नेक पिकअपचे नेककडे (गिटारच्या मानेकडे), ब्रिज पिकअपचे ब्रिजकडे (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिकडे). म्हणजे दोन्ही स्लग कॉइल आतल्या बाजूला, एकमेकींकडे तोंड करून.

आता ब्रिज पिकअप. कानाने निवड करायची ती इथेच, कारण फरक इथे खरोखर मोठा आहे. दोन कॉइलमध्ये साधारण १८ मिमी अंतर असतं. बाहेरची कॉइल ब्रिजपासून इंच-दीड इंचावर बसलेली असते, तेव्हा तिच्यासाठी १८ मिमी म्हणजे निम्म्याच्या आसपास अंतर झालं. नेकपाशी, ब्रिजपासून १५० मिमीवर, त्याच १८ मिमीला काय किंमत? ब्रिजजवळ तार हलतेच कमी, त्यात खालचे हार्मोनिक दबतात. म्हणून बाहेरची कॉइल टोकदार, किरकिरी, आणि आवाजालाही लहान. आतली कॉइल ठेवली तर धार राहते, शिवाय मागे थोडं मांस येतं.

‘टेलिकास्टर गिटारचं पिकअपही ब्रिजला चिकटूनच असतं की!’ असं कोणीतरी म्हणणारच. असतं. पण त्या कॉइलला वेढे भरपूर असतात आणि ती लोखंडी पट्टीवर, तिरकी बसवलेली असते. जुन्या धाटणीच्या हंबकरमध्ये एका कॉइलला सुमारे ५००० वेढे, स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या एका कॉइलच्या पिकअपला ८००० च्या आसपास. त्यामुळे ८ किलोओहम रोधाच्या सौम्य हंबकरची एक कॉइल म्हणजे जेमतेम ४ किलोओहम, आणि त्यातही बाहेरची निवडली तर पातळ ताक. १५-१६ किलोओहमचं दणकट पिकअप असेल तर मात्र बाहेरची कॉइलही चालून जाते, आणि क्लीन कंट्री लिक्सला ती उलट बरी वाटते.

नेक पिकअपला मी इतका विचार करत नाही. २१-२२ फ्रेटच्या गिटारवर दोन्ही कॉइल गोल, घंटेसारख्या वाजतात आणि डोळे मिटून ओळखायला सांगितलं तर मी तरी खात्री देणार नाही. २४ फ्रेटच्या गिटारवर वेगळं. तिथे फिंगरबोर्डच लांब असल्याने पूर्ण पिकअप ब्रिजकडे ढकललेलं असतं. मग जितकं नेककडे सरकता येईल तितकं बरं, म्हणजे बाहेरची, स्क्रूची कॉइल. तिचा आणखी एक फायदा म्हणजे एखादी तार दबत असेल तर तिचा स्क्रू वर घेता येतो.

म्हणजे नेकचा निर्णय आवाजावर अडत नाही, तो हमवर सोपवायचा. दोन्ही पिकअप एकाच घडणीचे धरले तर स्विच मधे असताना हम जातो तो एक स्क्रू आणि एक स्लग असेल तरच. दोन्ही आतल्या किंवा दोन्ही बाहेरच्या ठेवल्या की हम परत. उरतात दोन जोड्या. ब्रिजची बाहेरची आणि नेकची आतली: मधली जागा शांत, पण ब्रिज एकटं वाजवताना तीच किरकिर. ब्रिजची आतली आणि नेकची बाहेरची: मधली जागा शांत, आणि दोन्ही पिकअप स्वतंत्रपणेही ऐकण्यासारखी. माझं मत सरळ दुसऱ्या जोडीला. मात्र दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे हवेत. एक खाली घेतला की हम डोकावतो.

सीमोर डंकन कंपनीच्या वायरच्या रंगांत सांगायचं तर काळी वायर हॉट (सिग्नल नेणारी), लाल-पांढरी जोडलेली, हिरवी ग्राउंडला. ब्रिजची लाल-पांढरी ग्राउंडला नेली की स्लग उरते. नेकची लाल-पांढरी त्याच पिकअपच्या काळ्या वायरला, म्हणजे हॉटला जोडली की स्क्रू उरते. एका पुश-पुलच्या दोन बाजूंवर दोन्ही कामं बसतात. दुसऱ्या कंपनीचं पिकअप असेल तर हे रंग विसरा आणि त्यांची आकृती बघा. जुन्या पद्धतीची एकाच वायरची, जाळीच्या आवरणाची केबल असेल तर पिकअप उघडल्याशिवाय स्प्लिट नाहीच.

दोन्ही आतल्या कॉइल एकत्र वाजल्यावर येणारा नाकातला ‘क्वॅक’ आवाज हवाच असेल तर एका पिकअपमधलं चुंबक उलटवून त्याची हॉट-ग्राउंड अदलाबदल करावी लागते. आवाज छान, पण मेणात बुडवलेलं पिकअप उघडायचं धाडस पहिल्यांदाच सोल्डर हातात घेणाऱ्याने करू नये.

मधे सिंगल कॉइल (एकाच कॉइलचं) पिकअप असलेल्या गिटारवर वर्चस्व त्या मधल्या पिकअपचं. हंबकरची जी कॉइल तिच्या उलट ध्रुवाची, तीच ठेवायची. ध्रुव ओळखायला होकायंत्र पुरतं. सुईचं उत्तर टोक जिकडे ओढलं जातं तो दक्षिण ध्रुव. होकायंत्र लांबूनच आणा, फार जवळ नेलं तर सुईच बिघडते.

आवाज फारच पडत असेल तर जोडवायर थेट न टेकवता एक-दोन किलोओहमच्या रेझिस्टरमधून न्या. बंद कॉइल थोडी जिवंत राहते. स्प्लिटच नको, फक्त चमक हवी, तर दोन्ही कॉइल पॅरलल जोडा, हमचा प्रश्नच मिटतो.

मागचं झाकण लावण्याआधी ॲम्प हळू ठेवून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दोन्ही कॉइलच्या खांबांवर अलगद टेकवून बघा. चालू कॉइल ‘टक्’ करते, बंद असलेली जवळजवळ गप्प. ‘टक्’ चुकीच्या कॉइलवर आला तर सोल्डर अजून गरम आहे.