घरी घासलेला सहा इंची आरसा: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग रामायण. सहा इंच व्यासाचा, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराचा (म्हणजे ताऱ्याचा उजेड एवढ्या अंतरावर एकवटणारा) दुर्बिणीचा आरसा इंदूरच्या घरी, मागच्या गॅलरीत घासला आणि गेल्या ऑक्टोबरपासून वापरतोय. आरसा चांगला आहे. सहा इंची मात्र तो आता राहिलेला नाही.

घासणं त्या मानाने सोपं. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये ८० नंबरची कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढेमागे ढकलायची, जराशी फिरवायची आणि चकत्या ज्या ड्रमवर ठेवल्या त्याच्याभोवती आपण एक पाऊल सरकायचं. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगते. खोली तरी किती? मधोमध जेमतेम १.२ मिलिमीटर. चार संध्याकाळींत झाली. करकर मात्र एवढी, की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, ‘‘रोज पाट्यावर काय वाटता हो एवढं?’’

पुढे पूड बारीक बारीक घेत जायची, म्हणजे नंबर वाढत जातो. प्रत्येक वेळी बादली, फडकी, नखं, सगळं धुवायचं, खालचे पेपर बदलायचे. जाड पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडलाच. हे मी नीट पाळलं. चुकलो ते २२० नंबरवर. कंटाळून तासभर कमी घासलं. पॉलिशला सहा तास घालवल्यावर भिंगातून पाहिलं, तर सुईच्या टोकाएवढे खड्डे जिथल्या तिथे. ते पॉलिशने जात नाहीत. मुकाट्याने परत २२०.

पॉलिश होतं ते राळेच्या थरावर. सियागंजातून राळ आणली, एरंडेल घालून वितळवली. (दुकानदार म्हणाला, ‘‘भिया, सोने-चांदी का काम है क्या?’’) ती खालच्या चकतीवर ओतायची, चौकोनी खाचा पाडायच्या, वर सेरियम ऑक्साइडचं गुलाबीसर पाणी सोडायचं आणि आरसा त्यावर फिरवायचा. राळ किती कडक हवी, हे अंगठ्याचं नख दाबून ठरवायचं. फेब्रुवारीत माझी राळ अगदी बेतशीर होती. एप्रिलमध्ये गॅलरीत चाळिशीपार पारा गेला आणि खाचा दुपारभरात बुजायला लागल्या. तेव्हा थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, उलट हात लांब मारले. मऊ राळ आणि लांब हात, दोन्हींचा राग काठावर निघतो: काठ खाली वाकतो. युरेनस शोधणारा विल्यम हर्शल सोळा सोळा तास आरशावरून हात काढत नसे आणि बहीण कॅरोलिन त्याला घास भरवी, असं वाचलं होतं. आमच्याकडे घास नाही, टोमणे मिळाले.

काठ वाकलाय हे कळलं फूकोच्या चाचणीत. अंधाऱ्या खोलीत आरसा उभा करायचा, २४०० मिलिमीटरवर एक बारीक एलईडी आणि दाढीचं ब्लेड. परत येणारा किरण ब्लेडने कापत गेलं की काचेवरचे उंचसखल भाग सावलीसारखे उठून दिसतात. मुलाने गंमत म्हणून काचेला दहा सेकंद अंगठा लावला, तर तिथे चांगली टेकडी उभी राहिली! निवायला पाच-सात मिनिटं लागली. त्या दिवसापासून आरसा धुतल्यावर दोन तास त्याला कुणी हात लावायचा नाही असा नियम झाला. या आकाराला नुसता चेंडूच्या तुकड्यासारखा गोलाकार खोलगट आरसाही कसाबसा चालतो; खरा हवा तो पॅराबोला (मध्ये किंचित जास्त खोल आकार) आणि गोल यांच्यातला फरक मायक्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. मधला भाग जुलै-ऑगस्टमध्ये उष्मा उतरल्यावर सुधारला. काठ सुधारला नाही. तसाच अ‍ॅल्युमिनियमच्या कोटिंगला पाठवला.

आता वापराचं. पहिल्या महिन्यात गुरूभोवती धूसर झालर दिसायची, पट्टे असून नसल्यासारखे. आधी दोष हवेला दिला, मग आयपीसला (डोळ्याजवळच्या भिंगाला), मग छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या दिव्यांना. शेवटी काळ्या क्राफ्टपेपरची चार मिलिमीटर रुंद कडी कापून काठावर बसवली. झालर गेली! उजेड दहा टक्के कमी झाला, पण गुरूचे दोन मुख्य पट्टे धारदार झाले आणि मृगाच्या तेजोमेघातले चार तारे सुटे दिसले. पैसे सहा इंचांचे, आरसा पावणेसहाचा.

दुसरी गोष्ट थंड होण्याची. ही काच जाड आहे. खोलीतून काढून लगेच डोळा लावला तर तारा उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसतो. जानेवारीत मी जेवायच्या आधी दुर्बीण गच्चीवर ठेवायचो, तासाभराने बघायचो. शहरातून चंद्र, ग्रह, जोडतारे उत्तम. तेजोमेघांसाठी शहराबाहेर जानापावच्या डोंगराच्या बाजूला जावं लागतं, आणि तिकडच्या खड्ड्यांनी दर वेळी आरशाची जुळणी हलते. मागचे स्क्रू मी फार मऊ स्प्रिंगचे घेतले, तो दोष माझाच.

कोटिंग अजून टिकलंय. धूळ बसते, पण फडक्याने पुसायचा मोह आवरतो. एकदाच धुतला: डिस्टिल्ड पाणी, दोन थेंब लिक्विड सोप, कापूस नुसत्या स्वतःच्या वजनाने ओढत नेला.

घ्यावा की घासावा, असं विचारणाऱ्यांना: फक्त बघायचं असेल तर तयार घ्या. मला काठ वाकल्याचं दुःख आहे, पण तो का वाकला हे माहीत आहे.

पावसाळा लागलाय. आरसा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद आहे. आठ इंची काच येऊन पडलीय. राळ दिवाळीनंतरच तापवणार.