दारूपासून ‘पोटाचं कवच’ विकणाऱ्यापासून सावध राहा

पोळ्याच्या आधी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांत एक जण भोंगा लावून डब्या विकत होता. “दारू सोडा म्हनत नाई मी. प्या ना बाप्पा, पन आंधी हे घ्या. पोटाले कवच बसते.” साडेतीनशेची डबी. आत पांढऱ्या चूर्णाच्या पुड्या आणि पट्टीतून कात्रीने कापून घेतलेल्या गोळ्या. विकत घेणाऱ्यांत बायाच जास्त होत्या. नवरा ऐकत नाही, निदान त्याचं पोट तरी वाचावं, एवढाच त्यांचा हिशोब. माझ्या बहिणीने निंदणाच्या मजुरीतून डबी घेतली. या माणसाने बायांची काळजी विकली, हा माझा खरा राग आहे.

सुरुवातीला भाटव्यांना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, बरंच वाटलं. अंग दुखणं थांबलं, छातीतली जळजळ कमी झाली. त्यामुळे हिंमत वाढली, आणि करीच्या दिवशी मोहाची पहिल्या धारेची उपाशीपोटीच झाली. पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात कडक. मग संडास डांबरासारखी काळी व्हायला लागली, आणि एका रात्री उलटीत रक्त आलं. १०८ बोलावली. दुर्बिणीने पाहिलं तर जठराचं अस्तर जागोजागी सोललेलं होतं.

बहिणीने डबी सोबत नेली होती, ते फार बरं झालं. कापलेल्या पट्टीमागे अर्धवट अक्षरं उरली होती. डॉक्टरांनी ओळखलं: एक गोळी आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल, दुसरी डायक्लोफेनॅक, म्हणजे अंगदुखीची. चूर्णात काय होतं ते कळलं नाही. अंगदुखी कशाने थांबली ते मात्र कळलं. जठर स्वतःच्या आम्लापासून वाचतं ते अस्तरावरच्या बुळबुळीत थरामुळे, आणि तो थर टिकवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवतं. डायक्लोफेनॅक नेमकं तेच बनू देत नाही. म्हणजे कवचाच्या नावाखाली होतं ते कवचही काढून घेतलं, आणि वरून दारू.

विक्रेत्याकडे उंदरांच्या जठराचे फोटो असलेली एक इंग्रजी झेरॉक्सही होती, लॅमिनेट केलेली. शिकलेली पोरं त्यालाच भुलली. गंमत अशी की प्रयोग खोटा नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत आंद्रे रॉबर्ट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना आधी प्रोस्टाग्लँडिन दिलं, मग शुद्ध अल्कोहोल. जठरातल्या खोल जखमा टळल्या. पण तिथे उंदीर होते, रोज पिणारा माणूस नव्हता. जठर वाचलं तरी दारू रक्तात जातेच. यकृत आणि स्वादुपिंड तिच्या तावडीतून सुटत नाहीत. शिवाय आम्ल कमी करणारी गोळी जळजळ शमवते, म्हणून माणसाला वाटतं पोट ठीक आहे. कडक दारू आम्लाशिवायही अस्तर जाळू शकते.

खरी औषधं आहेत. सुक्राल्फेट जखमेवर चिकटून थर धरतं. मिसोप्रोस्टॉल हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिनच, पण गरोदर बाईच्या पोटात गेलं तर गर्भपात होऊ शकतो. अशा गोळ्या घरात पुडीत पडून राहिल्या तर काय होईल याचा विचार करा. ही औषधं डॉक्टर तपासून देतात, दारूआधी घ्यायचा परवाना म्हणून देत नाहीत.

परवान्याशिवाय ॲलोपॅथीची औषधं विकणं १९४० च्या औषध कायद्याने गुन्हा आहे. पट्टीवर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख नसेल, ती मुद्दाम कापलेली दिसली, तर हात लावू नका. काळी संडास किंवा रक्ताची उलटी झाली तर सोडा, दूध, काढा देत बसू नका, दवाखाना गाठा.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. गावातल्या बऱ्याच बायांनी लाजेपायी उरलेल्या डब्या चुलीत घातल्या, त्यामुळे पुरावा म्हणून सध्या आमची एकच आहे. तुमच्याकडे असेल तर जाळू नका, तशीच बांधून ठेवा. तो माणूस आता वणीकडच्या बाजारांत दिसतो म्हणतात, डबीचा रंग बदलून.